गावची देवराई राखायला घेताना

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर देवराया पुष्कळ आहेत, पण बहुतेक लहान. काही गुंठ्यांच्या, काही एकरांच्या. एवढ्याशा तुकड्यात वन्यजीवांसाठी काय होणार, असं पहिल्यांदा वाटतं. पण आसपासचे डोंगर काजू नाहीतर रबराखाली गेले की पोकळ बुंध्याचा जुना बेहडा, मेपर्यंत वाहणारा झरा आणि वर्षानुवर्षं न झाडलेला पाचोळा एकाच जागी सापडतात ते फक्त राईत. धनेश, शेकरू, खवले मांजर, उडती खार यांना नेमकं हेच लागतं.

हा लेख आहे राईचं काम अंगावर घेतलेल्या नव्या मंडळींसाठी. गावातली पोरं, निवृत्त होऊन परतलेले चाकरमानी, बचतगटातल्या बायका, ग्रामपंचायतीचे नवे सदस्य. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: राईत करायचं काम थोडं असतं, होऊ द्यायचं नाही असं खूप असतं. ज्यांना दर रविवारी फावडं हातात लागतं त्यांना हे जड जाईल.

आधी सातबारा

राई गावची आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. कागदावर ती कोणाची, हे दोघा-तिघांनाच. म्हणून पहिली फेरी तलाठी कार्यालयाकडे. सातबारा, जुने फेरफार आणि गावनकाशा काढा. साधारण पुढच्यापैकी एक चित्र दिसेल.

जमीन देवस्थानाच्या नावावर असेल आणि वहिवाटदार म्हणून पुजारी किंवा मानकरी लागलेले असतील. सिंधुदुर्गात असाल तर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचं नावही दिसू शकतं, मग कुठल्याही कामाआधी कोल्हापूरशी पत्रव्यवहार आला. काही ठिकाणी राई वनखात्याकडे असते, काही ठिकाणी गायरानात. आणि काही राया चक्क खाजगी निघतात, सामाईक खातेदार वीस-पंचवीस, त्यातले निम्मे मुंबईत. ही सगळ्यात नाजूक परिस्थिती. एका भावकीला पैशांची गरज पडली आणि लाकूडवाला ठेकेदार दारात आला की इतरांना कळेपर्यंत ट्रक भरलेला असतो. अशा राईत पहिल्या वर्षीच सगळ्या खातेदारांचं, मुंबईकरांसकट, सह्यांनिशी संमतिपत्र करून घ्या. गणपतीत सगळे गावी येतात, तेव्हा हे काम उरकतं.

भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा आणि हद्दीचे दगड बसवून घ्या. शेजारच्या काजूबागेची हद्द दरवर्षी हातभर आत सरकते. भांडण न करता ती थांबवण्याचा हाच उपाय.

कायदेशीर दर्जाचं काय? राई वनखात्याच्या जमिनीवर असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो. दाव्याचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला. चंद्रपूरच्या पाचगावला २०१२ मध्ये मिळाला आणि त्या गावाने तेंदूपानाचं उत्पन्न आपणहून सोडलं, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात. त्यांनी बांबूवर भर दिला. ही जंगलं आपल्या राईच्या कितीतरी पट मोठी आहेत, पण उत्पन्न आणि प्राणी यांत कुठे रेघ ओढायची हे गावाने बसून ठरवणं, एवढं तरी तिथून उचलण्यासारखं आहे.

जमीन गावची किंवा खाजगी असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आहे. राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये याच तरतुदीकडे बोट दाखवलं. तिसरी वाट जैवविविधता वारसा स्थळाची. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीला तो दर्जा मिळाला आहे आणि तिचं क्षेत्र अडीच हेक्टरांच्या आसपास आहे. म्हणजे लहान आहे म्हणून नाकारतील अशी भीती नको. मात्र माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं दर्जाच्या मागे धावू नका. गाव तयार नसताना सरकारी पाटी लागली, की ‘आमची राई सरकारने नेली’ ही आवई उठते आणि ती मिटवायला दहा वर्षं लागतात.

गावाशी बोलणं

बारा-पाच मानकरी (गावच्या देवाचे मान सांभाळणारी घराणी), गुरव, गावकार यांच्याशी आधी बोला, ग्रामपंचायतीशी त्यानंतर. क्रम उलटा झाला तर काम अडतं. आणि बोलताना नवे नियम घेऊन जाऊ नका, जुने विचारा. कुऱ्हाड चालते का? वाळकं लाकूड कोण नेतं, कशासाठी? प्रेताला लाकूड इथून जातं का? आतल्या झऱ्याचं पाणी कोण भरतं? बहुतेक राईत नियम आधीच असतात, चप्पल काढण्यापासून कौल लावल्याशिवाय फांदी न तोडण्यापर्यंत. विस्कटलेले असतात, एवढंच. जुना नियम पुन्हा लागू करणं नव्या नियमापेक्षा कितीतरी सोपं.

फक्त पुरुषांची बैठक घेऊन थांबू नका. सरपणाला आणि शाकारणीच्या पाल्याला राईच्या कडेने जाणाऱ्या बायकांना कुठलं झाड कधी वठलं हे सगळ्यात आधी कळतं, आणि बंदीचा भार पडतो तो त्यांच्याच डोक्यावर. सरपण बंद करायचं असेल तर ते मिळणार कुठून, हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. पारधीला जाणारे कोण हे गावाला माहीत असतं. त्यांनाही बोलवा. शिकार १९७२ पासून गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगून काही होत नाही. प्राण्यांच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला कळत नाहीत. त्यातले एक-दोघे जरी राखणीला आले तरी मोठं काम झालं.

ठराव १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेत घ्या. ठराव छोटा हवा: हद्द, कुऱ्हाडबंदी, पावसाळ्यात चराईबंदी, आग लावण्यावर बंदी, दंड किती आणि तो कुठे जमा होणार.

आता सगळ्यात अवघड विषय, देवळाचा जीर्णोद्धार. कुऱ्हाडीपेक्षा जास्त राया अलीकडे जीर्णोद्धारात गेल्या, असं मी तरी म्हणेन. आधी कौलारू देऊळ जाऊन स्लॅबचं येतं. मग गाडी दारापर्यंत यावी म्हणून रस्ता, रस्त्याच्या कडेची झाडं धोकादायक म्हणून साफ, पुढे सभामंडप, पेव्हर ब्लॉक, रात्रभर जळणारे दिवे. खर्चाला पैसे कमी पडले की राईतलीच चार मोठी झाडं विकायची टूम निघते. देवळाला विरोध करून काही साधत नाही, आणि करूही नये. बांधकाम समितीत आपला एक माणूस असावा आणि तीन गोष्टी आराखड्यातच बसवून घ्याव्यात: गाड्या राईबाहेर उभ्या राहतील, दिवे जत्रेपुरते आणि खाली तोंड करून लागतील, अंगण मातीचं राहील. झाडतोडीची वेळ आलीच तर आंबा, फणस, किंजळ, ऐन, जांभूळ, हिरडा ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, परवानगीशिवाय ती पाडता येत नाहीत. हे सभेत शांतपणे सांगायला हरकत नाही.

शिमग्याची होळी हा असाच विषय. राईतला उंच सुरमाड होळीसाठी तोडायची रीत असेल तर कोणाच्या तरी बागेतली पोफळ चालेल का, हे मानकऱ्यांना आधी, पौष-माघातच विचारा. आदल्या दिवशी विचारलं तर भांडण ठरलेलं. सण आणि रान यांचं जमतं याचा दाखला चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात आहे, तिथे खवले मांजराची प्रतिकृती पालखीसोबत नाचवली गेली.

पहिलं वर्षभर वही

वर्षभर काही लावू नका, काही तोडू नका. महिन्यातून दोनदा, सकाळी, ठरलेल्या एकाच वाटेने फिरा आणि वहीत लिहा. तीन रकाने पुरतात: काय दिसलं किंवा ऐकू आलं, कुठे, आणि कुठलं झाड फुलावर किंवा फळावर आहे. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढची सगळी लागवड त्यावर ठरते. वर्षाअखेरीला कळतं की अमुक दोन महिन्यांत राईत पाखरांना खायला काहीच नव्हतं.

मोठ्या झाडांना क्रमांक द्या. खिळा ठोकून नव्हे, हाताने काढलेल्या नकाशावर. छातीच्या उंचीवरचा घेर सुतळीने मोजून लिहा. ढोली कुठल्या झाडात आहेत, झरा कुठल्या महिन्यात आटतो, वारुळं कुठे आहेत, हेही. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच गावांत ती कोणीतरी बाहेरून भरून दिलेली असते. तुमच्या वहीतली माहिती तिच्यात चढवून घ्या, उद्या खाण किंवा रस्ता आला तर हा कागद उपयोगी पडतो.

जुनं, वठलेलं, पडलेलं

नव्या माणसाचा हात सगळ्यात आधी इथेच शिवशिवतो. वठलेलं झाड दिसलं की पाडावंसं वाटतं, पाचोळा दिसला की झाडावासा वाटतो, वेली दिसल्या की झाड मोकळं करावंसं वाटतं. यातलं काहीही करू नका.

धनेश स्वतः ढोली कोरत नाही. त्याला मोठ्या, जुन्या झाडात आपोआप पडलेली पोकळी लागते आणि अशी पोकळी पडायला झाडाचं वय फार व्हावं लागतं. मादी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आत जाते, फटीएवढी जागा सोडून तोंड लिंपून घेते आणि उन्हाळा संपत येईपर्यंत नर बाहेरून चोचीने फळं पुरवतो. ढोली चांगली असेल तर तीच पुढच्या वर्षीही वापरतात. म्हणून असं एक झाड गेलं तर त्या परिसरातली एक जोडी वीण करायची थांबते, आणि त्याच्या बदल्यात लावलेली शंभर रोपं आपल्या हयातीत तरी ती जागा भरत नाहीत.

वठलेल्या उभ्या खोडात सुतार आणि तांबट पक्षी घरं कोरतात, त्यांनी सोडलेल्या घरात पिंगळे आणि इतर पक्षी येतात. पडलेला ओंडका कुजताना त्याखाली बेडूक, विंचू, साप आणि देवगांडूळ राहतात. देवगांडूळ साप नव्हे, गांडूळही नव्हे, बेडकांच्या नात्यातला बिनपायाचा प्राणी आहे. हे गावात एकदा सांगून ठेवा, फावड्याखाली जाणारे थोडे वाचतील. वारुळं फोडू नका, खवले मांजराचं खाणं तिथे असतं.

गारंबीच्या आणि पळसवेलीच्या जाड वेली झाडाचा गळा आवळत नाहीत. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. या झाडावरून त्या झाडावर जायला त्याला फांद्या आणि वेलीच लागतात.

देवळाच्या वाटेवर झुकलेलं वठलेलं झाड खरोखर धोक्याचं असेल तर फक्त धोक्याचा भाग उतरवा आणि लाकूड राईतच आडवं ठेवा. लाकूड बाहेर गेलं की पुढच्या वर्षी ‘धोक्याची’ झाडं वाढतात, असा अनुभव आहे.

वणवा

जानेवारीअखेर जाळरेषा झाली पाहिजे. कोकणात वणवा क्वचितच आपोआप लागतो. बांधावरचं गवत जाळताना, काजूची बाग साफ करताना, भाजावळीतून (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात त्यातून), कधी विडीतून तो सुटतो. म्हणून राईभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून, पाचोळा ओढून मोकळा करायचा. उताराच्या खालच्या अंगाला तो जास्त रुंद ठेवा, कारण आग चढावर पळते. पाचोळा ओढायचा तो फक्त पट्ट्यातला. आतला तसाच राहू द्या, दाट सावलीतला पाचोळा ओलसर असतो आणि सहजी पेटत नाही.

शेजारच्या बागायतदारांशी डिसेंबरात बोलून ठेवा: जाळायचं असेल तर सकाळी लवकर, वारा नसताना, चार माणसं आणि पाण्याचे हंडे ठेवून, आणि आम्हाला सांगून. आम्हीही मदतीला येतो म्हणा. हे वाक्य नोटिशीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आग विझवायला ओल्या पानांचे टाळे, फावडी, पाण्याचे पंप हाताशी असावेत. सुती कपडे घाला, नायलॉनचे नको. चढावर आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या यंत्रणेत मोबाइल क्रमांक नोंदवला तर उपग्रहाला दिसलेल्या आगीचा निरोप फोनवर येतो.

रानमोडी आणि घाणेरी

राईच्या कडेला, जिथे ऊन पोचतं तिथे, रानमोडी हे परदेशी तण शिरलेलं असतं. वाळली की ती भडाभडा पेटते, म्हणजे हा प्रश्न वणव्याचाही आहे. फुलं यायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, जमीन ओली असताना ती मुळासकट उपटायची. डिसेंबरनंतर हात लावला तर आपणच तिचं बी वाऱ्यावर उधळतो. घाणेरी (टणटणी) नुसती कापली तर दुप्पट जोमाने फुटते. कुदळीने जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मूळ तोडून झुडूप उलटं ठेवायचं.

एका फटक्यात सगळं साफ करू नका. घाणेरीच्या जाळीत ससे, मुंगूस, रानकोंबड्या लपतात. एका वर्षी एक पट्टा, तिथे स्थानिक झुडपं वर आली की पुढचा. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दोन वर्षं लक्ष हवं, रानमोडी परत येतेच.

लावायचंच असेल तर

शक्यतो लावू नका. कडेला दगडांचा गडगा (कुंपणाची भिंत) घालून गुरं थांबवली तर राईचं बी आपोआप रुजतं. काटेरी तार टाळा, तिच्यात प्राणी अडकतात. गडग्याच्या फटींतून मुंगूस, सरडे ये-जा करतात.

उघड्या पडलेल्या जागेत लागवड करायचीच तर बी त्याच राईतलं किंवा शेजारच्या गावच्या राईतलं. जांभूळ, रातांबा, फणस यांचं बी साठवून टिकत नाही, फळ पडलं की लगेच रुजत घालावं. बेहडा, हिरडा कडक कवचाचे, भिजवून मग पेरावेत आणि धीर धरावा. नांद्रुक आणि वडाची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर लावली तरी जगते. वड, पायर, उंबर, नांद्रुक यांना निरनिराळ्या वेळी फळं धरतात, त्यामुळे वहीत सापडलेले उपाशी महिने भरून काढायला हीच झाडं कामाला येतात. ओळीत लावू नका. गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प फुकट मिळाली तरी घेऊ नका. वृक्षारोपणाचा फोटो हवा असलेले पाहुणे आले तर त्यांना शाळेच्या आवारात न्या.

झऱ्याला सिमेंट लावू नका. त्याचा काठ ओला आणि मातीचाच राहू द्या.

गडग्याबाहेर

दोन एकरांवर धनेशाचं भागत नाही, तो फळांसाठी लांबवर फिरतो. त्यामुळे खाजगी बागांतले जुने आंबे, बेहडे, काजरे, उंबर तुमच्या वहीत हवेत आणि त्यांचे मालक तुमच्या ओळखीत. संगमेश्वर भागात बेहड्याची फळं गोळा करून विकण्याचा मार्ग मालकांपुढे ठेवला गेला आणि झाड उभं ठेवण्याला एक कारण मिळालं. तुमच्या गावात तेवढी बेहड्याची झाडं नसतील तर रातांब्यासारखं दुसरं काही असेल. फळं गोळा करताना निम्मी तरी झाडावर सोडायची हे आधीच ठरवा.

जिवाची काळजी

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-सावंतवाडी भागात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि थंडी-उन्हाळ्यात त्याचा जोर असतो. त्या दिवसांत राईत जाताना पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट, गोचिडी दूर ठेवणारं, आरोग्य केंद्रातून मिळणारं डेपा तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ व कपडे धुणं. पाचोळ्यात बसकण मारू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. ताप आला तर राईत गेलो होतो हे डॉक्टरांना सांगा.

आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर, फटाके नकोत. जत्रेच्या समितीला हे बजावून सांगा.

राहिले पाहुणे. धनेशाच्या ढोलीचा किंवा खवल्याच्या बिळाचा फोटो जागेसकट मोबाइलवर फिरला की आधी छायाचित्रकार येतात, मागून तस्कर. ढोलीसमोर माणसं बसून राहिली तर नर चारा घेऊन जवळ येत नाही आणि आतली मादी-पिल्लं उपाशी राहतात. ढोलीची जागा राई राखणाऱ्यांतल्या दोघा-तिघांनाच माहीत असावी, वहीतही क्रमांकानेच लिहावी. संशयास्पद कोणी दिसलं, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फुकट लागतो. तो देवळाच्या खांबावर, पुजाऱ्यांना विचारून, रंगवून ठेवा.